पडद्यावरचा संशयित

लातूरच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. रविवारी सकाळी आम्ही मुलांना जुने सिनेमे दाखवतो. त्या रविवारी हॉलिवूडच्या सुरुवातीच्या काळातला एक गुन्हेगारीपट लावला होता, आणि तो बघायला माझा मावसभाऊ भोकरहून आला होता. मुंबईत काही वर्षं तो टीव्हीच्या गुन्हेगारी मालिकांत कामं करायचा. रंग काळा, अंग दणकट, त्यामुळे वाट्याला कायम साखळीचोर, नाहीतर खुनी.

सिनेमात डिटेक्टिव्ह गोरा, खुनीही गोरा. काळा माणूस एकच, आगगाडीत सामान उचलणारा. पोलिसांनी दटावल्यावर तो डोळे विस्फारून थरथरायला लागला तशी मुलं हसली. पुढे चिनी दुकानदार आला, तोही रंगरंगोटी केलेला गोरा नटच. मी सिनेमा थांबवून सांगितलं की त्या काळी काळ्या नटाला बहुतेक नोकराचीच कामं मिळत, आणि चिनी माणसाचं काम चिनी नटाला मिळेलच असं नव्हतं. मुलांनी लिहून घेतलं.

मागून भाऊ म्हणाला, "ताई, त्या हमालाला नाव हाय का सिनेमात?"

नव्हतं.

"मला बी नसायचं," तो म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

मी मागोमाग गेले. व्हरांड्यात त्यानं सांगितलं, "गेल्या साली स्टँडवर एका बाईचं मंगळसूत्र गेलं. एकजण म्हणला, ह्याला पाहिलंय मी, हा चोरच हाय. त्यानं टीव्हीतच पाहिलं होतं मला. मग लोकांनी लई मारलं. डाव्या कानानं आता ऐकू येत न्हाई."

मावशीनं आम्हाला तो गाडीवरून पडला असं सांगितलं होतं.

जेवताना त्याला मुंबईहून फोन आला. खुन्याचं काम होतं. मी म्हटलं, "नको जाऊस."

"मग काय करू? वकिलाचं काम देतेत का मला?"

तो गेला. त्याचं काम असलेला मालिकेचा भाग लागला त्या संध्याकाळी मी भोकरला मावशीकडे होते. पोलिसांनी भावाला बेड्या घातल्या आणि मावशीनं टीव्ही बंद केला. शेजारी तीच मालिका चालू होती. भिंतीपलीकडून त्याच्या ओरडण्याचा आवाज येत राहिला. मावशी आत जाऊन कणीक मळायला बसली.