पहले मुँह धो के आओ

"पहले मुँह धो के आओ. बास मारता है."

डॉक्टर हे मला बोलला आणि मागची सगळी रांग हसली. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कॅन्सर तपासणीचं शिबिर होतं. मी खुर्चीवर आ वासून बसलेली. गालाच्या आत महिनाभर न भरलेली जखम होती, तीच दाखवायला आले होते. त्यानं टॉर्चसुद्धा लावली नाही. तंबाखूच्या मिश्रीनं काळे पडलेले माझे दात शिकाऊ पोरींना दाखवले आणि म्हणाला, "ये लोग ऐसे ही होते हैं."

ये लोग म्हणजे आम्ही. शिरपूरकडून सिल्वासाला आलेल्या, ठेकेदाराच्या हाताखालच्या बाया. धाग्याच्या मशीनवर उभ्यानं कामाची पाळी काढायची तर मिश्री लागते. भूक मरते, झोप पळते. तेव्हा कुणाला वास येत नाही!

मी नळावर गेले. हिरड्यांतून रक्त येईपर्यंत दात घासले. परत आले तर सुपरवायझर म्हणाला, "टाइम खतम. मशीन पे जाओ." गेले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

जखम ठणकायला लागली. आमच्याकडे दात दुखला की मिश्रीच दाबून धरतात, बधिर होतं. मी जखमेवरही तेच केलं. ज्यानं रोग झाला तेच औषध म्हणून लावत राहिले. एका दवाखान्यात गेले तर आधारवरचा पत्ता धुळ्याकडचा, म्हणून "उधर ही दिखाओ." तिकडं जायचं म्हणजे खाडे, आणि खाडे झाले की काम गेलं.

आता तोंडात दोन बोटंही जात नाहीत. शेवटी मुंबई गाठली, तर तिथल्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला, जबडा काढावा लागेल म्हणाले. काढूनही खात्री नाही. मला मरायची भीती वाटते. त्याहून जास्त राग येतो.

परवा सिल्वासातच, आमलीत, आमच्या चाळीसमोर शिबिर लागलं. माझी जाऊ खुर्चीवर बसली. डॉक्टर दुसरा, बोलणं तेच. "पहले मुँह धो लो." ती मुकाट्यानं उठायला लागली. मी मागून तिचे खांदे दाबले.

"आठेच बस. तोंड उघाड."

मग त्याला म्हणाले, "पहले देखो. धोना बाद में."

शब्द फाटके निघाले, पण त्याला कळले. त्यानं टॉर्च लावली. जावेच्या तोंडात पांढरा चट्टा निघाला, कॅन्सरच्या आधी येतो तसला.

माझं काही खरं नाही, मला माहीत आहे. बोलणंही जाईल. पण हात चालताहेत तोवर आमच्यातली एकही बाई तपासल्याशिवाय त्या खुर्चीवरून उठणार नाही. मी उठूच देणार नाही.