पेवातली मोजणी

मी जावळीतला, मेढ्याजवळचा. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. सांगलीच्या पुरात आमचा कॉलम बोटी घेऊन हरिपूरला गेला. माझ्या सेक्शनमधला नाईक संपत त्याच गावचा. बोटीतच त्यानं मला सांगितलं, इथली जुनी वखारपेठ जमिनीखाली आहे. एक माणूस मावेल एवढं तोंड, खाली खोलीएवढं पोट, आत हळद. त्याला पेव म्हणतात. आत हवा नाही म्हणून कीड नाही. सांगलीच्या बाजाराचा माल पिढ्यान्‌पिढ्या असाच राहिला. संपतचा बाप जन्मभर पेवात उतरला.

"तोंड उघडलं की निम्मा दिवस उतरायचं न्हाई," संपत म्हणाला. "आन् उतरला की मोठ्यानं आकडं मोजत ऱ्हायाचं. मोजणी थांबली की वरच्यानं दोर खांद्यावर टाकून मागं धावायचं, खालच्याला वर वढायचं."

सकाळी साडेनऊ. पाणी रस्त्याच्या कडेला टेकलेलं. माल वाचवायच्या घाईत एक हमाल नुकत्याच उघडलेल्या पेवात उतरला आणि आत कोसळला. त्याची बायको तोंडाशी बसून हंबरडा फोडत होती. निम्मा दिवस कुठून आणायचा?

संपतनं कमरेला दोर बांधला. आमच्याकडं दोर एकच होता.

"उस्ताद, कान माझ्याकडं ठिवा."

एकवीसला तो तळाला पोचला. स्वतःचा दोर सोडून त्यानं हमालाला बांधला. आम्ही ओढलं. हमाल निळा पडला होता, पण धुगधुगी होती. खालून आवाज आला, "एकेचाळीस."

तेवढ्यात रेडिओ सेट बोलला. "पानी रोड पर. फौरन निकलो. ओव्हर."

"दो मिनट. ओव्हर."

"दो मिनट नहीं. अभी. ओव्हर."

मी हुज्जत घालत राहिलो. जवान हमालाची छाती दाबत होते. सेट खाली केला तेव्हा पेव गप्प होतं.

हमालाची ओली गाठ सुटेना. दोर कापला, खाली टाकला. खाली धरायला शुद्धीवर कोणी नव्हतं. मग श्वास कोंडून मीच उतरलो आणि त्याला बांधून वर आणलं. फार उशीर झाला होता. चूक माझी होती, आजही माझीच आहे.

हमाल आज हिंडतो-फिरतो. बरीचशी पेवं गाळानं बुजली.

दहाव्यानंतर संपतच्या बापाकडं गेलो. त्यांनी एकच विचारलं.

"कितीवर थांबला?"

"ऐकलं नाही, आबा. माझा कान रेडिओ सेटकडं होता."

"शेवटचं काय ऐकलंसा?"

"एकेचाळीस."

म्हातारा भिंतीकडं तोंड करून पुढं मोजू लागला. बेचाळीस, त्रेचाळीस. साठाच्या पुढं त्यांचा आवाज बसला. तिथून मी मोजलं.