घोषाल साहेबांच्या भिंतीवरचे शिकारी

बायको गेल्यावर रामाजी मुलाकडे भिलाईला आले आणि आल्यापासून त्यांनी बोलणंच टाकलं. वाढताना "पुरे" म्हणायचे, हाक मारली तर "हो जी" म्हणायचे, बस्स. बाकी दिवसभर खुर्सीपार वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरासमोर बाज टाकून रस्त्याकडे पाठ करून बसायचे. मुलगा सुखराम कारखान्यात रोलिंग मिलमध्ये होता. पाळीच्या ड्यूटीत त्याला उसंत नव्हती. "म्हातारपण आहे, चालायचंच," म्हणून तो मोकळा व्हायचा.

त्याच्या बायकोला, मथुराला, मात्र हे लागायचं. सालेकसाजवळच्या गावात हाच माणूस पारावर बसला की उठायचं नाव घेत नसे. इथं आल्यावर त्याच्या तोंडाला कुलूप लागलं, म्हणजे सुनेचंच काही चुकत असणार, असं तिनं मनाशी धरलं होतं. भाजीत तिखट वाढवून पाहिलं, कमी करून पाहिलं. काही फरक नाही.

मथुरा सेक्टरमधल्या घोषाल साहेबांच्या बंगल्यावर कामाला जायची. साहेब कारखान्यातले मोठे इंजिनिअर, एकटेच राहणारे. निवृत्त होऊन कलकत्त्याला बहिणीकडे निघाले, तेव्हा त्यांनी घरच्या सामानाचा लिलाव ठेवला. सामान बाहेर काढायला माणूस हवा होता.

"मामाजी, चालता का माह्यासंग?" मथुरानं सासऱ्यांना विचारलं. "थोडा हात लावान."

रामाजींनी टोपी घातली आणि निघाले.

बैठकीत एक मोठं चित्र होतं. ते हॉलंड देशातलं, तीनशे वर्षांचं, आजोबांनी घेतलेलं, असं साहेब पाहुण्यांना सांगत. मथुरानं कितीक वर्षं त्याच्या चौकटीवरची धूळ पुसली होती, पण आत काय आहे ते कधी नीट पाहिलं नव्हतं. काळपट झाडं आणि काळपट माणसं, एवढंच तिला ठाऊक. रामाजींनी ते उतरवून व्हरांड्यात उन्हाला टेकवलं आणि स्वतः समोर उकिडवे बसले.

मथुरा आतून पातेली घेऊन आली तर सासरे हसत होते! ती जागीच थबकली आणि मग तीही बघू लागली. झाडाखाली दोन शिकारी दमून टेकले होते, शेजारी मेलेला ससा. एक कुत्रा ओढ्याचं पाणी पीत होता, दोन कुत्रे अजून मातीत नाक खुपसून होते. चौथा मात्र शिकाऱ्याच्या बुटावर हनुवटी ठेवून त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. त्या कुत्र्यांच्या पाठींना, त्या ओल्या नाकांना हात लावावा असं वाटत होतं.

लिलाव सुरू झाला. पलंग गेला, रेडिओ गेला, फ्रिजवर बरीच ओढाताण झाली. चित्राची पाळी आली तेव्हा बायका कुजबुजल्या, मेलेला प्राणी घरात कोण टांगणार? पण कलकत्त्याहून एक व्यापारी खास त्याच्यासाठीच आला होता, आणि इथल्या एका ठेकेदारालाही नव्या बंगल्यात ते हवं होतं. दोघांची चढाओढ चालली तोवर रामाजी चित्र धरून उभे होते. शेवटी व्यापाऱ्यानं बाजी मारली. त्याचा माणूस चित्र घ्यायला पुढे आला, तर रामाजी सोडीनात.

मथुराचा चेहरा लाजेनं उतरला. "मामाजी, द्या ना जी. सगळे पाहून राहिले."

घोषाल साहेब जवळ आले. "बाबा, क्या हुआ?"

रामाजींनी चौथ्या कुत्र्याकडे बोट केलं. "साहेब, हा पाहा कसा पायते मालकाकडे. आमची भुरी असीच पाये." आणि मग पाटाचं पाणी फुटावं तसं ते बोलत सुटले. धानाच्या राखणीला भुरी कशी रात्रभर जागायची, रानडुकरावर कशी धावून जायची, बायको आजारी होती तेव्हा तिच्या बाजेखालून कशी हलली नाही. "येताना तेजरामकडे सोडली तिले. रेल्वेच्या फाटकापर्यंत आली मागं."

"मग सांगतलं कावून नाई आमाले?" मथुराला रडू फुटलं.

"दोन खोल्या तुमच्या. तिले कोठी ठेवसान?"

सारी मराठी साहेबांना समजली असेल असं नाही. पण त्यांनी व्यापाऱ्याला सांगितलं, गाडी भरून होईपर्यंत चित्र इथंच राहू दे. रामाजी तोवर त्याच्यासमोर बसून राहिले, आणि मथुराही.

"कुत्रं? इथं?" सुखराम संध्याकाळी म्हणाला.

"तुमच्या बाजेखाली," मथुरा म्हणाली.

रविवारी सासरा-सून पॅसेंजरनं गावी गेले. रामाजींचा चुलतभाऊ तेजराम यानं भुरीला चांगलंच पोसलं होतं. ती अंगणात ऐसपैस लोळत होती. रामाजींना पाहून आधी उठलीसुद्धा नाही. मग नाक हललं, कान उभे झाले, आणि तिनं अशी झेप घेतली की म्हाताऱ्याची टोपी शेणाच्या ढिगात.

"घेऊन जा तिले," तेजराम म्हणाला. "खाऊन खाऊन माजली, राखण त एक दिस नाई केली माह्या घरी."

परतीच्या गाडीत डब्यात कुत्रं पाहून टीसीचा पारा चढला. त्याला रामाजींनी डोंगरगड येईपर्यंत असं काही बोलण्यात गुंतवलं की तो दंड सोडून आपल्या आजोळच्या कुत्र्याची गोष्ट सांगू लागला. मथुरा खिडकीशी बसून पदराआड हसत होती.

हिवाळ्यात भुरीला पाच पिल्लं झाली. सगळी गल्ली गोळा झाली. रामाजी बाजेवर बसून एकेका मागणाऱ्याची उलटतपासणी घेऊ लागले. घरी कोण कोण असते, भाताची पेज देसान का, रात्री बांधून ठेवसान काय? पलीकडच्या तेलुगू ड्रायव्हरला एक मिळालं, कोपऱ्यावरच्या चहावाल्याला दोन फेऱ्यांनंतर. जवळच्या कुरुद गावचा एक शेतकरी धानाच्या राखणीसाठी आला, तेव्हा रामाजींनी सगळ्यांत दांडगं मादी पिल्लू त्याच्या हाती दिलं.

"तिले एकटी नोको नेऊ," ते उठत म्हणाले. "मीबी येतो. वावर दाखव कोठी आहे ते."

मथुरानं आतून त्यांची काठी आणून दिली.