रेवडीचं नाजूक पोट

संगमनेरात गनीभाईंना लोक ओळखतात ते त्यांच्या घोडीवरून. गेली नऊ वर्षं आसपासचे निम्मे नवरदेव तिच्याच पाठीवरून मांडवात गेले. घोडीचं नाव रेवडी. दिसायला देखणी, पोटाने मात्र भलतीच नाजूक. हिरवा लसूणघास दोन मुठी जास्त झाला तरी जमिनीवर लोळायची.

मागच्या वर्षी गनीभाईंनी तिला जंताचं औषध दिलं, ते वडलांच्या रीतीने. आधी दिवसभर उपाशी ठेवायचं, मग मूठमूठ गूळ चारायचा. गोडाच्या वासाने जंत गोळा होतात म्हणे, मग वरून औषध. वजन करायची गरजच काय, डोळे आहेत की! चारशे किलो तर सहज भरेल, असं म्हणून त्यांनी औषधाची अख्खी सिरिंज तिच्या तोंडात रिकामी केली. रेवडी दीड दिवस पोटदुखीने तळमळत होती. वाचली, पण तेव्हापासून औषधाचं नाव निघालं की गनीभाई उठून बाहेर जात.

यंदा ती वाळायला लागली. बरगड्या दिसू लागल्या, अंगावरची चमक गेली. बायकोने, बिबीजानने, नवऱ्याला न विचारता डॉक्टर पंकजाकडे लीद पाठवून दिली. जनावरांची ही डॉक्टर वयाने लहान, बोलायला रोखठोक. लिदीत जंतांची अंडी खच्चून भरलेली निघाली. औषध न द्यावं तर घोडी जंतांनी जाणार आणि द्यावं तर पोटदुखीने, अशा कात्रीत गनीभाई सापडले.

"औषधाने नाही, तुमच्या उपासाने आणि गुळाने दुखलं तिचं पोट," पंकजा म्हणाली. "आणि अंदाजाने. आधी वजन करून आणा."

एवढी घोडी तोलायची कुठे? रस्त्यालगत उसाच्या गाड्या तोलायचा काटा होता, तिथे. काट्यावरचा गोरक्षनाथ हसला, पण नाही म्हणाला नाही. लगाम धरून गनीभाई रेवडीला वर घेऊन गेले. आकडा आला तीनशे ऐंशी.

"बघ, डोळा चुकतो का माझा? वीस किलोचा काय तो फरक," ते ऐटीत म्हणाले.

"अवो, आधी तुमी खाली उतरा," बिबीजान म्हणाली.

ते उतरले. तीनशे दहा. गोरक्षनाथने हसू लपवायला तोंड फिरवलं. गेल्या वर्षी आपण किती जास्त औषध घातलं, याचा हिशेब गनीभाईंना कुणी सांगायची गरज पडली नाही.

पंकजाने सौम्य औषध निवडलं आणि सिरिंजवर तीनशे दहा किलोची खूण स्वतः लावली. चारा रोजचाच, वेळेवर. पाणी समोर हवं. गूळ बंद, चार दिवस वरातही बंद, आणि लिदीवर लक्ष. वरात बंद म्हटल्यावर कोपरगावचं लग्न धंद्यातल्या स्पर्धक सहादेवच्या घोड्याला द्यावं लागलं. ज्या सहादेवला गनीभाई एरवी रस्त्यात ओळखही देत नसत, त्याला त्यांनी स्वतः फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवडीने नेहमीचा कडबा खाल्ला, मग औषध घेतलं. गनीभाई खाट टाकून तिच्यासमोर बसले. तिने एकदा मान वळवून पोटाकडे पाहिलं, पोट दुखलं की बघते तसं, आणि ते उठून उभे राहिले. फोन लावला. पंकजाने विचारलं, पाय झाडते का, घाम आलाय का, लोळते का. यातलं काहीच नव्हतं. मग सावलीत हळूहळू फिरवा, म्हणाली. ते फिरवत राहिले. बिबीजानने जेवायला दोनदा हाक मारली, ती त्यांनी ऐकली नाही.

तीनच्या सुमारास रेवडीने शेपूट उचललं. लीद पडली, नेहमीसारखी, गोळ्यागोळ्यांची. गनीभाई वाकून काडीने उलटून बघत बसले. त्यानंतर त्यांनी पुन्हा फोन लावला.

"डॉक्टरबाई, चांगली पडली. पोट मऊ हाय. चारा मागती."

"छान. आता जेवा तुम्ही."

"जेवतो. पुन्हा लीद कधी आनू तपासायला, ते सांगा आधी. आनि वजन मी तिचं एकटीचं करून आनतो."