मावशीची निळी शेगडी

मावशीच्या घरी गोबरगॅसला संडासही जोडला, तेव्हा तिनं त्या शेगडीवरचा चहासुद्धा घेतला नाही. "मला नको बाई त्याच्यावरचं," म्हणत ती आपली चूल फुंकत बसायची. मग पावसात सरपण भिजलं आणि ती नाक मुरडत शेगडीपुढे गेली.

काल मी तिथंच बसले होते. ज्योत निळीशार, वास कसलाच नाही. ज्याच्याकडे आपण पाठ फिरवतो, तेच निमूटपणे आपला भात शिजवत होतं. मला त्या ज्योतीची मायाच वाटली.

देवापुढचा दिवा 'विझव' असं मावशी कधीच म्हणत नाही. 'शांत कर' म्हणते. काल भात उतरवून ती सुनेला म्हणाली, "अगं, शेगडी शांत कर."