रजा अक्रू झाल्या

दौंडहून शिरूरला जाणाऱ्या एसटीत कारखान्याचा निळा कोट घातलेल्या एक बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. माझ्या हातात इंग्रजी पुस्तक बघून त्यांनी मोबाईल पुढं केला. "सर, हे अक्रू म्हंजी काय हो?"

त्यांच्या रजा अक्रू झाल्याचा ऑफिसचा मेसेज होता. आक्रसल्या असतील, असं त्यांना वाटलेलं. लेक दौंडच्या दवाखान्यात बाळंत झाली होती, तरी त्या कामावर निघाल्या होत्या.

"उलट आहे," मी म्हणालो. "रजा साठल्यात. इंग्रजी शब्द आहे, जुन्या फ्रेंचमधून आलाय, मूळ अर्थ वाढ."

स्क्रीनवर बोट तसंच ठेवून त्यांनी विचारलं, "मग वय अक्रू झालं म्हनत्यात का?"

"नाही. रजा, व्याज, असं जे आपसूक साठून आपल्या हक्काचं होतं, त्यालाच म्हणतात."

"आपसूक साठलं तरी मागावं लागंलच की," म्हणत त्यांनी सुपरवायझरला फोन लावला. "सायेब, माझ्या रजा साठल्यात. आजपास्नं घेते." पलीकडचं ऐकून त्या "व्हय" म्हणाल्या आणि न्हावऱ्याला उतरल्या.

इतकी वर्षं मी शाळेत शब्दांचे अर्थ सांगतोय. अर्थ कळताच कुणी गाडीतून उतरल्याचं मी प्रथमच पाहत होतो. रस्ता ओलांडून त्या दौंडच्या गाडीला हात करत होत्या.