ठिणगी मागं घे

चौलहून रेवसला उतारू नेणारी जुनी मोटार माझे वडील चालवत. मी कॉलेजच्या सुटीत घरी आलो होतो. खाऱ्या दमट हवेने त्या सकाळी मोटार सुरूच होईना. वडिलांनी प्लग काढले, करवंट्यांच्या विस्तवावर शेकवले, पुसून परत बसवले. मग पुढे जाऊन इंजिन फिरवायचे हँडल धरले आणि मला म्हणाले, "आत बस. ठिणगी मागं घे."

म्हणजे ठिणगी उशिरा पडू द्यायची, आणि त्यासाठी स्टिअरिंगखालची दांडी वर ढकलायची असते, हे मला ठाऊक नव्हते. विचारायची लाज वाटली. मागे म्हणजे आपल्याकडे, असे समजून मी ती खाली ओढली.

वडिलांनी जोर लावला. ठिणगी वेळेआधी पडली, इंजिन उलटे फिरले आणि हँडल त्यांच्या मनगटावर आदळले. हाड मोडल्याचा आवाज मला आत ऐकू आला. ते किंचाळले, धावत आले आणि डाव्या हाताने त्यांनी माझ्या तोंडात मारली. ओठ फुटला. पुन्हा मारली.

"समजलं न्हाय तर इचारायचं! कॉलेजात तोंड शिवतात काय रे?"

त्यांचे मनगट वाकडेच जुळले. मोटार दुसऱ्याच्या हाती गेली.

आता वर्गात काही समजले नाही की मी हात वर करतो. जीभ अडखळते, तरी विचारतो.